पाच माणसं, अडीच तिकिटं

सदर : पिशवी भरा, निघा!

यावेळी थंड हवेच्या ठिकाणांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण मोहाडी तालुक्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आणि थंड हवा राहिली बाजूला. आठवीतली मुलगी आहे. वहीचं पान फाडून, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र. ती म्हणते :

"काका, मागच्या वर्षी आमच्या शाळेची सहल नागपूरला रमण विज्ञान केंद्र पाहायला गेली. मी गेले नाही, कारण पैसे भरायच्या वेळी घरी जमलं नाही. मैत्रिणी अजून त्याच गोष्टी सांगतात. मी बाबांना म्हटलं, धान निघाल्यावर आपणच सगळे जाऊ. बाबा म्हणाले, पाच माणसांचं जाणं-येणं म्हणजे आठवडाभराची मजुरी. मग मी गप्प बसले. आमच्या घरी आई, बाबा, मी, तिसरीतला भाऊ आणि आजी आहे. आजी 76 वर्षांची आहे. खरंच इतके पैसे लागतात का?"

मला हे पत्र फार आवडलं. कारण तिनं 'आम्हाला फुकट न्या' असं म्हटलेलं नाही, 'स्वस्तात फिरायच्या युक्त्या सांगा' असंही नाही. तिला हवाय तो हिशेब. बाबांचा आकडा खरा आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. तेव्हा चला, आज आपण मोहाडी ते नागपूर हा प्रवास कागदावर करून पाहू. तुम्ही लाखांदूरचे असा, साकोलीचे असा, नाहीतर थेट सांगलीचे, गावांची नावं बदला, रीत तीच.

पण त्याआधी माझी एक फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय हिशेब शिकवायचा मला अधिकार नाही.

मी सातवीत होतो. आमचं गाव भंडाऱ्याच्या पलीकडं, वैनगंगेचा पूल ओलांडून आणखी आत. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं आणि तिला घरी आणायला बाबांबरोबर मीही गेलो होतो. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पाट्या वाचायचं काम माझं, आणि त्याचा मला भारी तोरा! मी दोन्हीकडचं भाडं विचारून आलो आणि ऐटीत जाहीर केलं, "बाबा, एसटीपेक्षा रेल्वे कितीतरी स्वस्त. भंडाऱ्याचं स्टेशन आहेच. रेल्वेनं जाऊ." बाबांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. ते कौतुक मला अजून आठवतं.

संध्याकाळची पॅसेंजर होती. ती उशिरा सुटली आणि वाटेत सिग्नलला थांबत थांबत आणखी उशिरा पोचली. रात्री आम्ही उतरलो. पाटीवर लिहिलं होतं : भंडारा रोड. बाहेर येऊन पाहतो तर भंडारा कुठंच नाही! स्टेशन आहे वरठीला. भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर, आणि आमचं गाव त्याच्याही पुढं. शेवटची एसटी केव्हाच गेली होती. एक ऑटोवाला तयार झाला, पण त्यानं सांगितलेला आकडा आम्हा तिघांच्या रेल्वे तिकिटांच्या कितीतरी पट होता. बाबांनी खिशात हात घातला, काढला, आणि आजीला म्हणाले, "इथंच टेकू."

रात्रभर आम्ही बाकावर होतो. आजीच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. तिला धूळ लागू नये, डास चावू नयेत, म्हणून बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिला वारा घालत बसले होते. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. सकाळी पहिल्या गाडीनं भंडाऱ्याला आलो. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाबांनी मला स्टँडवरच्या वेळापत्रकासमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाच बरं, शेवटची गाडी केव्हा हाये. अन् लिवून घे." मी दप्तरातली वही काढली आणि तो सगळा फळा उतरवून घेतला. त्यानंतर मी ज्या गावी जातो तिथला फळा आधी वाचतो, आणि तिकिटाचे पैसे मोजताना स्टेशन ते घर हे अंतरही मोजतो.

आता हे 'रोड' काय प्रकरण आहे ते सांगतो, म्हणजे तुमची रात्र तरी बाकावर जाणार नाही. नागपूरहून छत्तीसगडकडं जाणारी ही लोहमार्गाची वाट 1880 च्या दशकातली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीनं ती घेतली आणि पुढं हावड्यापर्यंत नेली. रूळ टाकणारे आपल्या सोयीची वाट पाहतात. प्रत्येक गावात शिरून बाहेर पडायला त्यांना परवडत नाही. मग गावापासून दूर, जिथं रूळ जातात तिथं स्टेशन बांधायचं, गावापर्यंत रस्ता असतोच, आणि स्टेशनच्या नावाला 'रोड' जोडून द्यायचं. म्हणजे 'इथं उतरून रस्त्यानं या गावी जा'. आपल्या जिल्ह्यात तुमसर रोड हे असंच स्टेशन, ते आहे देव्हाडीला. गंमत म्हणजे तिथून तिरोडीकडं जो फाटा जातो, त्यावर तुमसर टाउन नावाचं वेगळं स्टेशन आहे! नाशिक रोड, डहाणू रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड, ही सगळी त्याच कुळातली. तेव्हा स्टेशनच्या नावात 'रोड' दिसलं की आधी विचारा : गाव किती लांब, आणि मी उतरेन तेव्हा तिथं जायला काय मिळेल?

आता आपल्या मैत्रिणीचा हिशेब. वही घ्या.

आधी एसटी. एसटीचं भाडं टप्प्यानं मोजतात. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. टप्पा अर्धा झाला तरी पैसे पूर्ण टप्प्याचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आता माणसं मोजू. बाबा : एक पूर्ण तिकीट. आई : अर्धं, कारण 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये महिलांना भाड्यात निम्मी सवलत आहे. आपली मैत्रीण 13 वर्षांची, तिचं हाफ तिकिटाचं वय सरलं, पण ती मुलगी असल्यानं तिलाही तीच निम्मी सवलत. भाऊ आठ वर्षांचा : पाच ते बारा या वयाचं हाफ तिकीट. आणि आजी? 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी ऑगस्ट 2022 पासून मोफत आहे. आजीचं तिकीट शून्य रुपयांचं!

बेरीज करा. एक, अधिक अर्धं, अधिक अर्धं, अधिक अर्धं, अधिक शून्य. पाच माणसं, अडीच तिकिटं. बाबांनी बहुधा पाचही पूर्ण तिकिटं धरली असणार. त्यांचा दोष नाही. शेतातून, कामावरून घरी येणाऱ्या माणसाला हे नियम कोण सांगतं? ते सांगणं तुमचं काम. (एखादा रुपया इकडंतिकडं होतो, कारण तिकिटात किरकोळ अधिभार असतात. त्यावरून कंडक्टरशी वाद घालू नका.)

एक मात्र आहे. आजीचं वय ओरडून सांगून भागत नाही, पुरावा लागतो. आधार कार्ड घरी पेटीत आणि आजी गाडीत, असं झालं की आजीचं मोफत तिकीट गेलं. कुठला पुरावा चालतो, एसटीचं स्वतःचं कार्ड काढायला लागतं का, हे बदलत असतं, म्हणून निघायच्या आधी एखाद्या दिवशी आगारात चौकशीच्या खिडकीवर विचारून या. आणि आजी 65 ते 75 या वयातली असेल, तर तिलाही अर्धं तिकीट आहेच.

आता रेल्वे. वरठीहून इतवारीला मेमू जाते. मेमूचं साधं तिकीट म्हणजे दोन कट चहाच्या पैशांत नागपूर! पण माणसं मोजताना नियम वेगळे. रेल्वेत महिलांना भाड्यात सवलत नाही. ज्येष्ठांची सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. बारा वर्षं पूर्ण झालेल्याचं तिकीट पूर्ण. म्हणजे आई, बाबा, आजी आणि आपली मैत्रीण यांची चार, भावाचं अर्धं : साडेचार तिकिटं. तरीसुद्धा साडेचार स्वस्त तिकिटं ही अडीच महाग तिकिटांपेक्षा कमीच भरतात. इथं वही बंद केली, तर माझी सातवीतली चूक तुमच्याकडून होईल.

वही बंद करू नका. घरापासून घरापर्यंत मोजा. गावाहून वरठीला कसं जाणार? काळीपिवळीनं किंवा ऑटोनं. तिथं आजीला सूट नाही, आईला अर्धं नाही, पाच सीटचे पाच पैसे. बऱ्याच मेमू नागपूरच्या मुख्य स्टेशनावर न जाता इतवारीलाच थांबतात. (स्टेशनचं नाव आता 'नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी' असं आहे, पाटीवर ते पाहून गोंधळू नका.) इतवारीहून विज्ञान केंद्र आजीला घेऊन चालत जाण्याजोगं नाही, म्हणजे पुन्हा ऑटो. संध्याकाळी उलट दिशेनं हेच सगळं, आणि गाडीला उशीर झाला तर रात्री वरठीत काय मिळेल, हा प्रश्न वेगळाच. उलट एसटी उतरवते गणेशपेठ स्टँडवर. रमण विज्ञान केंद्र आहे गांधीसागर तलावासमोर. स्टँडवरून विचारत विचारत, आजीला मध्ये एकदा टेकायला लावून, पायीसुद्धा पोचता येतं.

माझं मत विचाराल, तर या पाच जणांनी एसटीनं जावं. आजी घरी राहणार असेल, घर वरठीजवळ असेल आणि सकाळी जाऊन दुपारी परत यायचं असेल, तर मेमूनं. एका बाजूनं मेमू, दुसऱ्या बाजूनं एसटी, असंही करता येतं. सकाळी वेळ हाताशी असतो, तेव्हा रेल्वे. परतताना उशीर नको, तेव्हा एसटी. पण कोणत्याही परिस्थितीत परतीची शेवटून दुसरी गाडी आपली धरायची. शेवटची गाडी ही आपली नव्हेच, ती अडचणीतल्या माणसाची.

आता तो टप्पा आठवा. समजा, तुमच्या गावाहून भंडारा 20 किलोमीटर आणि भंडाऱ्याहून नागपूर 62. दोन गाड्या बदलून गेलात तर पहिल्या गाडीचे चार टप्पे, दुसऱ्या गाडीचे अकरा. झाले पंधरा. तेच थेट गाडी मिळाली तर 82 किलोमीटरचे चौदा टप्पे. एका माणसामागं एक टप्पा वाचला! अडीच माणसांचे जाऊन-येऊन पाच टप्पे. भावाच्या चिक्कीची सोय झाली. तेव्हा थेट गाडी किती वाजता आहे ते आधी बघा. गाड्यांचे प्रकारही पाहा. साधी लाल गाडी सगळ्यांत स्वस्त, निमआराम आणि शिवशाहीचं भाडं जास्त. सवलत सगळीकडं निम्मीच मिळते, पण निम्मं कशाचं, याला महत्त्व आहे. वीस मिनिटं थांबून साधी गाडी मिळत असेल, तर थांबा.

शहरात शिरल्यावरची एक युक्ती. भंडाऱ्याकडून येणारी वाट पारडीवरून नागपुरात शिरते आणि तिथंच मेट्रोचं प्रजापती नगर हे टोकाचं स्टेशन आहे. डिसेंबर 2022 पासून तिथून मेट्रो थेट लोकमान्य नगरपर्यंत जाते. तुम्हाला गणेशपेठला न जाता शहराच्या पलीकडच्या भागात जायचं असेल, तर तिथं उतरून मेट्रो धरणं सोयीचं पडतं. आपली गाडी तिथं थांबते का, हे मात्र गाडीत चढताना कंडक्टरला विचारा, उतरताना नव्हे.

विज्ञान केंद्र 1992 साली सुरू झालं आणि तारांगण 1997 मध्ये. सर चंद्रशेखर व्यंकट रामन 1910 च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढं नोबेल मिळवणारा माणूस नागपुरात हिशेब तपासत होता! तारांगणाच्या खेळाचं तिकीट वेगळं असतं आणि खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून आत शिरल्याशिरल्या आधी तिकडची वेळ विचारा, मग बाकीचं पाहा. शाळेच्या गटाला तिकिटात सूट असते. अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, पाहायचं असेल तर सोमवार टाळा. संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, आणि बंद दारासमोर उभं राहून खाल्लेल्या डब्याला चव नसते.

डब्यावरून आठवलं. प्रवासात पैसे कुठं जातात असं वाटतं? तिकिटात? छे! एकदा घरी आल्यावर सगळ्यांनी बसून आठवून पाहा. पाण्याच्या बाटल्या, कुरकुरे, स्टँडवरची भजी, 'मला पण तेच पाहिजे'. तिकिटांइतकीच रक्कम तिथं भरते. म्हणून डबा. पण डबा असा हवा की तो भूक लागल्यावर खावासा वाटेल. पातळ भाजी नको, पिशवीत सांडते आणि मग सगळ्यांच्या कपड्यांना दिवसभर तिचा वास. पोळ्या किंवा दशम्या, जवसाची चटणी, कोरडं पिठलं, भाजलेली फल्ली, मुरमुऱ्यांचा चिवडा. हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. आपल्या जिल्ह्यात तलाव काय कमी आहेत? डब्याबरोबर एक रिकामी पिशवी न्या, कचरा त्यात. आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. एक मोठी बाटली नेली की ती नेहमी ज्याला तहान नाही त्याच्याजवळ असते.

ज्यांना गाडी लागते, त्यांच्यासाठी दोन शब्द. लाजू नका, मोठ्यामोठ्यांना लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. ते मेंदूला सांगतं, 'आपण हलतोय.' तुम्ही गाडीत मान खाली घालून गोष्टीचं पुस्तक वाचत असता, तेव्हा डोळे सांगतात, 'छे, आपण तर स्थिर आहोत.' या भांडणात पोट बिघडतं. उपाय सोपा : डोळ्यांना कानाच्या बाजूनं बोलू द्या. पुस्तक, मोबाइल बंद. समोर लांब, झाडांच्या पलीकडं पाहा. मागच्या चाकावरची आणि अगदी शेवटची सीट टाळा, तिथं उसळी जास्त. उपाशी निघू नका आणि तुडुंब जेवूनही नको. एक प्लास्टिकची पिशवी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नव्हे.

आता पैशांबद्दल. सगळे पैसे एका खिशात ठेवू नका, दोन माणसांकडं वाटून ठेवा. मोबाइलवरून पैसे देता येतात हे खरं, पण रेंज नसली, बॅटरी संपली की काय करणार? सुट्टे पैसे हवेतच. कंडक्टरकडं सुट्टे नसले की तो उरलेली रक्कम तिकिटामागं लिहून देतो. ते तिकीट जपून ठेवा आणि उतरायच्या दोन थांबे आधीच मागा. उतरायच्या घाईत किती घरांचे किती रुपये राहिले असतील, देव जाणे.

माझा एक सल्ला आई-बाबांसाठी आहे, मुलांनी हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा. प्रवासात मुलांना गाठोड्यासारखं नेऊ नका, काम द्या. एकानं तिकिटं सांभाळायची. एकानं खर्च लिहायचा, चहापासून सगळा. सगळ्यांत लहानानं उतरताना सामान मोजायचं : निघताना किती नग होते, आता किती. तिसरीतल्या मुलाला हे काम फार आवडतं आणि तो मोठ्यांपेक्षा कडक असतो. माझ्या बाबांनी त्या सकाळी मला रागावून घरी नेलं असतं तर मी आयुष्यभर रेल्वेला घाबरलो असतो. त्यांनी मला फळा उतरवून घ्यायला लावला.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मेमूचं साधं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये चढू नका. 'तीच लाइन, तीच गाडी' असं तिकीट तपासनिसाला सांगून उपयोग नाही, दंडच कमीत कमी 250 रुपये आहे आणि भाडं वेगळं. म्हणजे एका चढण्यात सगळी बचत स्वाहा! दुसरं, जवळच्या प्रवासाचं अनारक्षित तिकीट सकाळी काढून संध्याकाळी वापरता येत नाही. काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीनं, प्रवास सुरू करायचा. आणि सोडायला येणाऱ्या मामांना दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायला सांगा, ते दोन तास चालतं.

ज्यांना लांब जायचंय, पुण्याला मावशीकडं वगैरे, त्यांच्यासाठी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस भंडारा रोडवरून जाते. तेराशे किलोमीटरहून जास्त धावून कोल्हापूरला पोचते, आणि सगळं महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात! आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं, असा नियम एप्रिल 2016 पासून आहे. पैसे वाचतात म्हणून अकरा वर्षांच्या दांडगट मुलाला आईच्या बर्थवर झोपवायचं ठरवाल, तर आईला विचारून ठरवा. रात्रभर बसून तीच राहणार आहे.

शाळेच्या सहलीबद्दलही बरीच पत्रं येतात. शैक्षणिक सहलीसाठी एसटी ठरवली तर भाड्यात निम्मी सवलत असते, आणि रेल्वेतही विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलींना सवलत आहे. शाळेनं अर्ज वेळेवर करायला हवा, एवढंच. आणखी एक. गावाहून शाळेत एसटीनं जाणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो आणि मुलांना पासाच्या भाड्यात दोन तृतीयांश सूट. पण तो पास घर ते शाळा एवढ्याच वाटेचा. तो दाखवून नागपूरला जाता येत नाही, हे मी सांगायला नको, पण एकानं विचारलं होतं म्हणून सांगितलं.

शेवटी, गर्दीत चुकलात तर? घरातून निघतानाच ठरवून ठेवा : जो चुकेल, त्यानं जिथं आहे तिथंच थांबायचं. दोघंही एकमेकांना शोधत फिरले तर दिवसभर गोल गोल फिरत राहतात. स्टँडवर असाल तर चौकशीच्या खिडकीशी जा, गाडीत असाल तर कंडक्टरला सांगा. लहान मुलांच्या खिशात घरचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, फक्त पाठ नको, घाबरल्यावर पाठ केलेलं पळून जातं. अडचणीतल्या मुलांसाठी 1098, रेल्वेत 139, आणि कुठंही 112. हे नंबर खर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तर मोहाडीच्या मैत्रिणी, तू असं कर. या रविवारी आगारात जा, किंवा बाबा तिकडं गेले की त्यांच्याबरोबर जा, आणि एका पूर्ण तिकिटाचे पैसे विचारून ये. त्याला अडीचनं गुण. जाणं-येणं, म्हणजे दुप्पट. त्यात विज्ञान केंद्राची तिकिटं मिळव. डबा घरचा, चहाचे थोडे धर, आणि अडीअडचणीला म्हणून थोडे वेगळे ठेव, ते परत आले तर उत्तमच. मग तो कागद बाबांपुढं ठेव. ते आठवड्याची मजुरी म्हणाले होते ना? कागदावर किती येते, ते त्यांना स्वतःलाच वाचू दे. आकडा तरीही जास्त वाटला, तर हट्ट धरू नकोस. कागद जपून ठेव, आणि धानाचे पैसे आले की पुन्हा काढ.

जाल तेव्हा आजीला खिडकीची जागा दे. मौद्याजवळ कन्हान नदीचा पूल लागेल, तो तिला दाखव, आणि सांग की हे पाणी पुढं आपल्याच वैनगंगेला येऊन मिळतं. आणि परत आल्यावर खर्चाच्या वहीचं ते पान मला पाठव. छापणार नाही. मला फक्त पाहायचंय, तिकिटं अडीचच लागली ना!